मागे पायडल मारलं, तरी ब्रेक लागेना

जुन्या अमेरिकन सायकलींना हँडलवर ब्रेकच नसायचे. पायडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबायचं. सगळी करामत मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्याच्या, पोटात. बेंडिक्स कंपनीचा असा कोस्टर हब हाती आला आणि ब्रेक लागेना, की लोक आधी ब्रेक-शू, म्हणजे हबला आतून घासणारे धातूचे तुकडे, बदलायला निघतात. माझं म्हणणं, आधी एवढं बघा: पुढे पायडल मारतानाही पाय मध्येच सटकतो का?

सटकत असेल, तर दोष बहुधा शूंचा नाही. स्प्रॉकेटला, म्हणजे चेनच्या मागच्या दातेरी चक्राला, जोडलेल्या आतल्या स्क्रूवर एक ‘कोन’, म्हणजे शंकूच्या आकाराचा नट, असतो. चेन पुढे ओढली की तो आट्यांवरून स्प्रॉकेटकडे सरकतो, हबच्या आतल्या उतारात घट्ट रुततो आणि चाक फिरतं. उलटं पायडल मारलं की तोच डावीकडे जाऊन पाचर रेटतो. शू फाकतात आणि हबला आतून घासतात. पण कोन सरकायचा तर त्याला कुणीतरी हलकंसं अडवायला हवं, नाहीतर तो स्क्रूबरोबर नुसता गरगरेल. बोल्ट फिरवताना नट बोटांत धरावा लागतो, तसंच. इथे बोटांचं काम एक चिमुकली स्प्रिंग करते. ती सैल पडली, किंवा जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं झालं, की पुढची चाल आणि ब्रेक दोन्ही जातात.

म्हणून आधी सगळे भाग रॉकेलमध्ये धुवा. स्प्रिंग बसवून कोन फिरवा: बोटाला थोडा अडथळा जाणवला पाहिजे. मग उष्णता सोसणारं ग्रीस भरा, शूंनासुद्धा. ब्रेकला ग्रीस कसं, असं वाटेल; पण इथे धातूवर धातू घासतो, कोरडा ठेवला तर ब्रेक किंचाळतो, अडकतो.

उष्णता किती, ते कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत दिसलं. १९७६ साली फेअरफॅक्सजवळच्या एका उतारावर जुन्या सायकलींच्या शर्यती सुरू झाल्या: दोन मैलांहून कमी अंतरात सुमारे १३०० फूट उतरण. स्वार आणि सायकल मिळून ९५ किलो धरले, तर उतरताना सुमारे ३७० किलोज्यूल ऊर्जा सुटते. लिटरभराहून जास्त पाणी उकळेल इतकी. थोडी वारा आणि टायर खातात, उरलेली बरीचशी मुठीएवढ्या हबमध्ये. ग्रीस जळून धूर निघायचा आणि हब पुन्हा भरावा लागायचा, म्हणून त्या उताराचं नावच ‘रीपॅक’ पडलं.

हब जोडून झाला की ब्रेक-आर्मची, म्हणजे हबमधून निघणाऱ्या पट्टीची, क्लिप फ्रेमला पान्याने घट्ट आवळा. ब्रेकचा सगळा उलटा रेटा ती पट्टी फ्रेमवर टाकते. ती सुटली तर आत सगळं ठीक असूनही ब्रेक धरणार नाही.