आयरिश स्टडीजमध्ये एम.ए.: प्रवेश, शिष्यवृत्ती आणि व्हिसाची कागदपत्रे

इंग्रजी बोलणाऱ्या देशांचा समाज आणि संस्कृती शिकायची म्हटली की आपल्याकडे आधी लंडन नाहीतर अमेरिका आठवते. आयर्लंड क्वचितच कुणाला सुचतो. खरे तर ओळखीचा प्रश्न त्या देशाइतका गुंतागुंतीचा फार थोड्या ठिकाणी असेल. घराघरांत इंग्रजी, पण राज्यघटनेच्या आठव्या कलमाप्रमाणे पहिली अधिकृत भाषा आयरिश आणि इंग्रजी दुसरी. १८४५ नंतरचा बटाट्याचा दुष्काळ, त्यातून झालेले स्थलांतर, फाळणी, उत्तर आयर्लंड, लोकसंगीत हे सगळे 'आयरिश स्टडीज' या एका वर्षाच्या एम.ए.मध्ये एकत्र शिकवतात. गॉलवे विद्यापीठ आणि युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन ही त्याची दोन ठळक केंद्रे. गॉलवेजवळच्या कॉनमारा भागात आयरिश आजही बोलली जाते, त्यामुळे भाषेत रस असेल तर माझे मत गॉलवेला.

पदवी इंग्रजी साहित्याचीच हवी असे नाही. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, पत्रकारिता, काहीही चालते. लागते ती दुसऱ्या श्रेणीतील ऑनर्स पदवी किंवा तिच्या तोडीची भारतीय पदवी. आपल्या पदवीला किती टक्के धरतात हे प्रत्येक विद्यापीठ भारतासाठी वेगळे जाहीर करते, ते आधी पाहा. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साधारण ६.५ मागतात. सगळे शिक्षण इंग्रजी माध्यमात झाले असले तरी परीक्षा देऊन टाकावी. पुढे व्हिसाच्या वेळी वाद राहत नाही.

अर्ज विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच करायचा. पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रिका, ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने प्रमाणित केलेला सगळ्या वर्षांच्या गुणांचा उतारा), प्राध्यापकांची दोन शिफारसपत्रे आणि उद्देशपत्र एवढे तयार ठेवा. ट्रान्सक्रिप्ट आपल्या विद्यापीठाकडून मिळायला वेळ लागतो, म्हणून पहिली धावपळ त्याचीच करा.

उद्देशपत्रावर मात्र बसून काम करा. संगणकशास्त्राला जाणाऱ्याला 'हा विषय का' असे सहसा कुणी विचारत नाही. तुम्हाला विद्यापीठ विचारेल, शिष्यवृत्ती समिती विचारेल आणि व्हिसा अधिकारीही विचारेल. हिरवीगार कुरणे आणि प्रेमळ माणसे यांवर लिहिलेले पान फुकट जाते. हातात एक नेमका प्रश्न हवा. उदाहरणार्थ, एप्रिल १९१६मध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली; 'होमरूल' ही मागणीच आयरिश राजकारणातून आलेली, आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला. मराठी वाचकाच्या हाताशी असा धागा असताना उसनी वाक्ये कशाला?

आता पैसा. आयर्लंड सरकारची आंतरराष्ट्रीय शिक्षण शिष्यवृत्ती दरवर्षी ६० जणांना मिळते: एका वर्षाची पूर्ण फीमाफी आणि १०,००० युरो निर्वाहभत्ता. अट अशी की अर्जाच्या वेळी आयरिश संस्थेचे प्रवेशपत्र, निदान सशर्त तरी, हातात हवे. मुदत वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच संपते, त्यामुळे प्रवेशाचा अर्ज आदल्या हिवाळ्यातच जायला हवा.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिला क्यूएस या जागतिक विद्यापीठांच्या क्रमवारीत पहिल्या २०० मधले विद्यापीठ लागते. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन त्यात बसते, गॉलवे बसत नाही. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत ही मर्यादा ५०० पर्यंत आहे, म्हणजे गॉलवेही चालते. तिथे पदवीला ६० टक्के, वय ३५ च्या आत आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत लागते. पण एक खाच आहे: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास यांना २०२२ पासून या योजनेत जागा नाही. म्हणजे वर सांगितलेला टिळकांचा धागा विद्यापीठाला आवडेल आणि इथे अंगाशी येईल. एकच उद्देशपत्र दोन्हीकडे जोडू नका. जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र यांवरचे नाव पासपोर्टशी जुळते का, तेही आधीच तपासा.

प्रवेश पक्का झाला की व्हिसा. मुक्काम तीन महिन्यांहून जास्त असल्याने 'डी' प्रकारचा अभ्यास व्हिसा लागतो. अर्ज 'अ‍ॅव्हॅट्स' या ऑनलाइन प्रणालीत भरायचा, शेवटी मिळणारे सारांशपत्र छापून त्यावर सही करायची आणि कागदांसह व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यायचे. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपासून अर्ज करता येतो. एकदा प्रवेशाच्या व्हिसाला ६० युरो, अनेकदा प्रवेशाच्या व्हिसाला १००.

फी ६,००० युरोंहून जास्त असेल तर अर्जाआधी निदान तेवढी भरलेली हवी. कमी असेल तर पूर्ण. शिवाय वर्षभराच्या खर्चासाठी १०,००० युरो उपलब्ध असल्याचा पुरावा, म्हणजे सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट किंवा शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र. शेवटच्या महिन्यात काकांनी टाकलेले दहा लाख खात्यात दिसले की शंका येणारच. काकांनी खर्च उचलायला हरकत नाही, पण त्यांचे पत्र, नात्याचा पुरावा आणि त्यांच्या उत्पन्नाची कागदपत्रे जोडा. जमीन विकून पैसा आला असेल तर खरेदीखताची प्रत आणि मराठी कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर द्या. शिक्षणात खंड पडला असेल तर त्या काळात काय केले हे अर्जासोबतच्या सहीच्या पत्रात लिहा. खाजगी वैद्यकीय विमाही लागतो. व्हिसा नाकारला तर दोन महिन्यांत लेखी अपील करता येते, त्याला शुल्क नाही. पण संधी एकदाच.

तिथे पोचल्यावर इमिग्रेशनकडे नोंदणी करून ३०० युरो भरून निवास परवाना घ्यायचा. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते, ठरलेल्या सुट्ट्यांत ४०. एम.ए. पूर्ण झाल्यावर नोकरी शोधायला जास्तीत जास्त २४ महिने राहता येते. कर्जाच्या हप्त्यांचा हिशोब मात्र या २४ महिन्यांवर मांडू नका. आयरिश स्टडीजच्या पदवीवर कामाचा परवाना मिळेल अशी नोकरी संगणकवाल्यांइतकी सहज मिळत नाही.