पूर्णांक भागाकार आणि बाकी (संगणक भाषांतील)

एका पूर्णांकाला दुसऱ्याने भागून उत्तर पूर्णांकातच ठेवण्याची आणि उरलेली बाकी वेगळी देण्याची क्रिया. ‘भाज्य = भाजक × भागाकार + बाकी’ हे शाळेतले सूत्र जवळजवळ सगळ्या संगणक भाषा पाळतात. चिन्ह सोडून पाहिल्यास बाकी भाजकापेक्षा लहान असावी, हेही सर्वमान्य आहे. दोन्ही संख्या धन असतील तर एवढ्यावर भागते: १७ ला ५ ने भागले की भागाकार ३, बाकी २. संख्या ऋण झाली की मात्र दोन उत्तरे अटींत बसतात. -७ ला ३ ने भागताना भागाकार -२ व बाकी -१ हे जसे चालते, तसेच भागाकार -३ व बाकी २ हेही चालते. यातले कोणते घ्यायचे यावर भाषांचे एकमत नाही.

सी, सी++, जावा, गो आणि रस्ट या भाषा पहिले उत्तर देतात. दशांशचिन्हापुढचा भाग कापून टाकल्याने भागाकार शून्याकडे सरकतो आणि बाकीला भाज्याचे चिन्ह मिळते. १९८९ च्या सी मानकात हा निर्णय कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर) लिहिणाऱ्यांवर सोडला होता. १९९९ च्या मानकाने शून्याकडे कापणे सक्तीचे केले. फॉर्ट्रानचा नियम आधीपासून हाच होता, आणि एक्स८६ प्रोसेसरची भागाकाराची सूचनाही अशीच वागते. सोय यंत्राची झाली. किंमत प्रोग्रॅमरने मोजली. संख्या विषम आहे का हे पाहण्यासाठी ‘न % २ == १’ (न ला २ ने भागून बाकी १ येते का) असे लिहिले, तर -३ विषम ठरत नाही, कारण बाकी -१ येते. हॅश मूल्यावरून (माहितीपासून काढलेल्या संख्येवरून) ॲरेतली, म्हणजे क्रमांकित यादीतली, जागा काढतानाही बाकी ऋण आली तर ती अस्तित्वातच नसलेल्या जागेकडे बोट दाखवते. जावाच्या आठव्या आवृत्तीत यासाठी ‘फ्लोअरमॉड’ हे वेगळे फंक्शन द्यावे लागले.

पायथन आणि रूबी दुसरे उत्तर देतात. भागाकार नेहमी खालच्या पूर्णांकाकडे उतरतो आणि बाकी भाजकाचे चिन्ह घेते. घड्याळ, पंचांग, चक्राकार यादी अशा कामांत हेच हवे असते. रविवारला ० धरले तर मंगळवार २. त्याच्या पाच दिवस आधीचा वार काढायला -३ ला ७ ने भागावे, बाकी ४ येते, म्हणजे गुरुवार. सी भाषेत -३ हातात येतो आणि त्यात ७ मिळवण्याची आठवण आपणच ठेवायची. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत दोन पूर्णांकांमधले ‘/’ हे चिन्हही खाली उतरणारा पूर्णांक भागाकार करत असे. तिसऱ्या आवृत्तीपासून ते अपूर्णांकी उत्तर देते आणि पूर्णांकासाठी ‘//’ वापरावे लागते.

१९९२ मध्ये संगणकशास्त्रज्ञ रेमंड बूट यांनी तिसऱ्या व्याख्येची, युक्लिडीय भागाकाराची, बाजू मांडली: भाजक कोणत्याही चिन्हाचा असो, बाकी कधीच ऋण नसावी. गणिताच्या दृष्टीने ही सर्वांत नीटस. दुसऱ्या पद्धतीपेक्षा तिचे उत्तर फक्त भाजक ऋण असताना वेगळे पडू शकते, आणि रोजच्या कामात ऋण भाजक क्वचितच भेटतो. ती मागे राहिली यात नवल नाही. रस्टमध्ये तिच्यासाठी स्वतंत्र फंक्शने आहेत. एडा आणि हॅस्केल यांनी पहिल्या दोन्ही पद्धती वेगवेगळ्या नावांनी दिल्या, आणि हाच मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो.

शून्याने भागल्यास जावा अपवाद (चूक झाल्याचा इशारा) फेकते, गोमध्ये प्रोग्रॅम कोसळतो, तर सीमध्ये वर्तन अनिश्चित असते. रिस्क-फाइव्ह प्रोसेसर मात्र थांबत नाही: चिन्हांकित (ऋण संख्याही चालणाऱ्या) भागाकारात तो उत्तर -१ देतो आणि भाज्य जसेच्या तसे बाकी म्हणून परत करतो. आणखी एक अडचण सहसा लक्षात येत नाही. ३२ बिटांतला सर्वांत लहान पूर्णांक -२,१४,७४,८३,६४८. त्याला -१ ने भागले तर येणारी धन संख्या त्या ३२ बिटांत मावत नाही. जावा तीच ऋण संख्या परत देते, सी काहीच हमी देत नाही आणि रस्टमध्ये प्रोग्रॅम थांबतो.