ऑस्ट्रेलियन प्रोसेको

ऑस्ट्रेलियात ‘ग्लेरा’ या इटालियन द्राक्षवाणापासून होणारी फेसाळ व्हाईट वाईन. तिचे मुख्य क्षेत्र म्हणजे व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्येकडील किंग व्हॅली. चवीपेक्षा तिचे नावच जास्त गाजले. प्रोसेको हे मुलखाचे नाव, असे इटली म्हणते. ऑस्ट्रेलियाच्या लेखी ते द्राक्षाचे नाव आहे.

संत्र्याच्या पट्ट्यात हा वाद फोड करून सांगावा लागत नाही. वरुड तालुक्यातील शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंभेरीच्या खुंटाची साल चाकूने चिरतात, चिरेत नागपुरी संत्र्याचा डोळा सरकवतात आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळतात. असे कलम राजस्थानात झालावाडला लावले, तरी त्याचे फळ नागपुरीच म्हणवते. मात्र २०१४ साली नागपुरी संत्र्याला मिळालेले भौगोलिक मानांकन वाणाला नाही, मुलखाला बांधलेले आहे. प्रोसेकोचेही असेच दुहेरी नाव होते.

प्रोसेको हे मुळात त्रिएस्ते शहराजवळचे गाव. गावावरून द्राक्षाला आणि द्राक्षावरून वाईनला नाव पडले. २००९ मध्ये इटलीने वाणाला ‘ग्लेरा’ हे जुने पर्यायी नाव दिले आणि ‘प्रोसेको’ हे नाव व्हेनेतो व फ्रियुली-व्हेनेझिया जुलिया या प्रदेशांतील नऊ प्रांतांपुरते राखून ठेवले. उत्तम प्रोसेकोची जुनी भूमी कोनेलियानो-वाल्दोब्बियादेनेच्या टेकड्यांवर, त्रिएस्तेपासून बरीच दूर; पण नावाचे गाव हद्दीत असावे म्हणून सीमा तिथवर ताणली गेली. तलाठ्याच्या नकाशाशी परिचय असलेल्या वाचकाला यातली खुबी कळेल.

किंग व्हॅलीत इटलीहून आलेली कुटुंबे आधी तंबाखू पिकवीत. तंबाखूचे दिवस सरत गेले तसे तिथे द्राक्षांचे मळे वाढले. मूळचे वाल्दोब्बियादेनेचे ओट्टो दाल झोट्टो यांनी १९९९ मध्ये व्हिटफील्ड येथे ही वेल लावली आणि २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातील पहिली प्रोसेको बाजारात आणली. इटलीने वाणाचे नाव बदलले त्याच्या दहा वर्षे आधीची ही लागवड. ऑस्ट्रेलियाचा मुख्य मुद्दा हाच. युरोपीय संघाने २०१३ मध्ये तिथे या नावाला संरक्षण मागितले, ते नाकारले गेले. न्यूझीलंडने मात्र युरोपीय संघाशी व्यापार करार करताना हे नाव टप्प्याटप्प्याने सोडण्याचे मान्य केले, आणि सिंगापूरच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये इटालियन उत्पादकांच्या बाजूने निकाल दिला. तारखा पाहता ऑस्ट्रेलियाची बाजू भक्कम दिसते. पण ज्या नावावर बाटली खपते त्या नावाची कमाई वाल्दोब्बियादेनेची आहे, हेही खरे.

ग्लेराची वेल जोमदार, घड लांब आणि विरळ, फळ उशिरा पिकणारे. पिकतानाही तिचा आंबटपणा टिकतो. थंड, उंचावरच्या मळ्यांत तो अधिकच टिकतो. किंग व्हॅलीत मिलावाच्या सपाटीपासून व्हिटलँड्सच्या सुमारे ८०० मीटर उंचीपर्यंत मळे आहेत. दक्षिण गोलार्ध असल्याने काढणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, म्हणजे काटोल-वरुडकडे मृग बहाराचा संत्रा उतरतो त्याच दिवसांत येते.

रस आधी पोलादी टाक्यांत कमी तापमानाला आंबवतात. मग ही साधी वाईन बंद, दाब सहन करणाऱ्या टाकीत घेऊन तीत साखर व यीस्ट घालतात. दुसऱ्यांदा आंबताना तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊ शकत नाही, तो वाईनमध्येच विरघळतो. बाटली उघडली की फेस येतो तो यामुळे. शॅम्पेनमध्ये हीच क्रिया प्रत्येक बाटलीत होते आणि वाईन यीस्टच्या गाळावर दीर्घकाळ राहते, म्हणून तिला पावासारखा वास चढतो. ग्लेराचा हिरव्या सफरचंदाचा, नासपतीचा वास नाजूक. गाळाखाली तो दबला असता. त्यामुळे टाकीची पद्धत केवळ स्वस्त म्हणून नव्हे, वाणाला मानवते म्हणूनही वापरतात. ही वाईन थंड करून, ताजी असतानाच पितात. वर्षानुवर्षे जपून ठेवण्यासारखी ती नाही.

‘कोल फोंदो’ हा जुना प्रकारही काही ऑस्ट्रेलियन उत्पादक करतात. त्यात दुसरे आंबवणे बाटलीतच होते आणि गाळ काढत नाहीत. काही जण बाटली अलगद कलती करून वरची नितळ वाईन तेवढी ओततात. काही जण उघडण्यापूर्वी ती हळूच उलटी करून गाळ मिसळून घेतात, आणि मग ग्लासात उतरणारी वाईन लिंबू सरबतासारखी गढूळ दिसते.