कापूस पैदासकार

कपाशीच्या निवडक झाडांचा ठरवून संकर करायचा, त्यांच्या पिढ्या चाळायच्या आणि त्यातून नवा वाण उभा करायचा, हे ज्याचे काम तो वनस्पती-आनुवंशशास्त्रज्ञ म्हणजे कापूस पैदासकार. विदर्भात हे काम मुख्यतः अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना 1969) आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था (1976) येथे चालते. काही पैदासकार खासगी बियाणे कंपन्यांत असतात. बी.एस्सी. कृषी, मग एम.एस्सी. आणि पीएच.डी. ही वाट ठरलेली. हात मात्र पऱ्हाटीच्या (कपाशीच्या झाडांच्या) ओळीत वाकल्याशिवाय बसत नाही.

संकराचे काम दोन दिवसांचे. दुपार कलली की उद्या उमलणारी कळी हेरायची. ती पात्यातून लांब, फिकट पिवळी बाहेर आलेली असते. अंगठ्याचे नख बुडाशी रोवून पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी एकाच वेळी सोलून काढायची. नख जरा खोल गेले की बीजांड दुखावते आणि दोन-तीन दिवसांत बोंड गळते. उरलेल्या स्त्रीकेसरावर कागदी पिशवी चढवायची. नर झाडाची कळीही त्याच संध्याकाळी दोऱ्याने बांधायची, नाहीतर मधमाशी आधी पोचते. सकाळी नर फूल घेऊन परागकण टेकवायचे आणि देठाला दोरा बांधून खूण ठेवायची. या कामात गावातल्या बायकांचा हात बहुतेक पदवीधरांपेक्षा हलका असतो.

दुसऱ्या पिढीत एकाच संकराची झाडे इतकी वेगवेगळी निघतात की सख्खी भावंडे वाटू नयेत. त्यातली निवडायची, बाकीची सोडायची. असे सहा-सात हंगाम गेल्यावर ओळ एकसारखी होते. पुढे 1967 पासून चालणाऱ्या अखिल भारतीय समन्वित कापूस सुधार प्रकल्पात ठिकठिकाणी चाचण्या. एका वाणाला दहा-बारा वर्षे सहज जातात; म्हणजे तीस वर्षांच्या नोकरीत तीन-चार वाण झाले तरी पुष्कळ.

गावात पहिला वेचा सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, करून निघतो. संशोधन प्रक्षेत्रावर तो ओळीच्या क्रमांकाने वेगवेगळ्या पिशव्यांत जातो. शंभर ग्रॅम कापसातून छत्तीस ग्रॅम रुई (सरकी काढलेला कापूस) निघाली तर उतारा 36 टक्के. धाग्याची लांबी आता यंत्र सांगते. पूर्वी सरकीवरचे तंतू फणीने दोन्ही बाजूंना विंचरून पट्टीने मोजत. गिरणीला लांब धागा हवा, जिनिंगवाल्याला उतारा. वेचणारीला किलोवर मजुरी, म्हणून तिला मोठे आणि पूर्ण फुललेले बोंड हवे. कोरडवाहू, हलक्या जमिनीच्या शेतकऱ्याला हवे ऑगस्टच्या उघाडीत तगणारे झाड. सगळ्यांचे समाधान करणारा वाण अजून झालेला नाही.

तग धरण्याचा गुण देशी कपाशीत आहे. पण तिची गुणसूत्रे 26 आणि अमेरिकन कपाशीची 52. सरळ संकर केला तर 39 गुणसूत्रांचे वांझ झाड मिळते. त्यामुळे हा गुण इकडून तिकडे नेणे वर्षानुवर्षांचे काम ठरते.

1970 मध्ये सुरतला डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-4 हा व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस दिला आणि पैदासकारांचा ओढा संकराकडे वळला. अकोल्याच्या विद्यापीठाच्या पीकेव्ही हायब्रीड-2 ने विदर्भात मोठे क्षेत्र व्यापले होते. मार्च 2002 मध्ये बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या, संकरित वाणांना परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच दुकानांतून विद्यापीठांचे वाण जवळपास दिसेनासे झाले. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, सरळ (संकरित नसलेल्या) वाणाची सरकी घरी राखता येते; सरळ वाणांवर बाजाराची मर्जी कधीच नव्हती, यात नवल नाही. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीलाही जुमानेनाशी झाली. तेव्हापासून फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभे ठेवून कापूस घेण्याचा, मोह होणार नाही असे लवकर येणारे, बुटके, अतिघन लागवडीत बसणारे झाड पैदासकाराकडे मागितले जाते.

वाणाच्या नावात पैदासकार नसतो: एकेएच म्हणजे अकोला हिर्सुटम (अमेरिकन कपाशी), एकेए म्हणजे अकोला अर्बोरियम (देशी कपाशी). त्याची ओळख फक्त ‘पैदासकार बियाणे’ या पहिल्या टप्प्याच्या सोनेरी-पिवळ्या चिठ्ठीवर उरते. पायाभूत बियाण्याला पांढरी आणि प्रमाणित बियाण्याला निळी चिठ्ठी असते. पिवळी चिठ्ठी शेतकऱ्याने बहुधा पाहिलेलीच नसते.