बीएमएफएची ‘ए’ आणि ‘बी’ उड्डाण चाचणी : पात्रता, कागदपत्रे आणि मॉडेल विमानाची निवड

ब्रिटनमधल्या कुठल्याही मॉडेल फ्लाइंग क्लबात नवा सभासद जरा रुळला की त्याच्यामागे एक प्रश्न लागतो : ‘ए’ कधी देणार? ब्रिटिश मॉडेल फ्लाइंग असोसिएशन, म्हणजे बीएमएफए, ही हौशी मॉडेल उड्डाणाची तिथली राष्ट्रीय संस्था. तिची मुळे १९२२ सालापर्यंत जातात. तिच्या अचीव्हमेंट स्कीममधली ‘ए’ ही पहिली पायरी आणि ‘बी’ ही दुसरी. ऑस्ट्रेलियात याच धर्तीवर ब्राँझ विंग्ज आणि गोल्ड विंग्ज असतात.

दोन्ही चाचण्या ऐच्छिक आहेत, कायद्याची सक्ती नाही. तरीही बऱ्याच क्लबांत ‘ए’ हातात येईपर्यंत एकट्याने विमान उडवू देत नाहीत, शेजारी कुणीतरी जाणकार उभा लागतो. जाहीर कार्यक्रमात प्रेक्षकांसमोर उडवायचे असेल तर सहसा ‘बी’ मागतात. हेलिकॉप्टर आणि मल्टिरोटर यांच्या चाचण्या वेगळ्या आहेत. इथे बोलायचे आहे ते जमिनीवरून रेडिओने उडवायच्या, इंजिन किंवा मोटर असलेल्या, स्थिर पंखांच्या विमानाबद्दल.

आधी कायद्याचे कागद

चाचणी क्लबची असली तरी उड्डाण ब्रिटिश कायद्याखाली होते. नागरी विमान वाहतूक प्राधिकरण, म्हणजे सीएए, दोन क्रमांक देते. उडवणाऱ्याचा तो फ्लायर आयडी आणि विमानाची जबाबदारी ज्याची त्याचा तो ऑपरेटर आयडी. फ्लायर आयडीसाठी छोटी ऑनलाइन परीक्षा असते. ती विनामूल्य आहे आणि आयडी ५ वर्षे चालतो. १ जानेवारी २०२६ पासून फ्लायर आयडी लागण्याची वजनमर्यादा १०० ग्रॅमवर आली. चाचणीचे विमान त्याहून कितीतरी जड असते, त्यामुळे इथे पळवाट शोधण्यात अर्थ नाही. बीएमएफएच्या सभासदांना सीएएच्या परीक्षेऐवजी संस्थेची स्वतःची सक्षमता परीक्षा देण्याची सोय आहे.

ऑपरेटर आयडी १८ वर्षे पूर्ण झालेल्यालाच मिळतो आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. मुलगा किंवा मुलगी १८ च्या आतली असेल तर आई किंवा वडील ऑपरेटर होतात. हा क्रमांक विमानाच्या मुख्य भागावर, स्वच्छ वाचता येईल असा, ३ मिलिमीटरपेक्षा मोठ्या अक्षरांत लावायचा असतो. बॅटरीच्या कप्प्यात लावला तरी चालतो, पण कप्पा अवजाराशिवाय उघडायला हवा. नवे विमान आणले, रंगवले, उडवले आणि क्रमांक लावायचा राहून गेला, ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी एकदा बघून घ्या.

बीएमएफएच्या सभासदत्वात तृतीय पक्ष विमा येतो. मैदानावर सभासदपत्र, फ्लायर आयडी किंवा सक्षमतेचा पुरावा आणि ऑपरेटर आयडी एवढे सोबत असू द्या. फोनमध्ये ठेवले तरी पुरते. ‘बी’ द्यायला ‘ए’ आधी झालेली असावी लागते.

‘ए’ मध्ये काय उडवायचे असते

मॉडेल निवडण्याआधी चाचणी नीट वाचा. लोक हे नेमके उलट करतात. आधी विमान घेतात, मग त्यात चाचणी बसवायला बघतात.

सुरुवात उड्डाणपूर्व तपासणीने होते. मग उड्डाण, डावी किंवा उजवी फेरी घेऊन उड्डाणाच्या जागेवरून पुढे जाणे. त्यानंतर एकाच उंचीवर इंग्रजी आठच्या आकड्याची वाट उडवायची आणि दोन वेटोळ्यांचा छेद बरोबर स्वतःच्या समोर आणायचा. मग आयताकृती फेरी, थ्रॉटलचा (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या नियंत्रणाचा) योग्य वापर करत उतरण आणि ठरलेल्या जागेत उतरणे. पुन्हा उड्डाण. आता उतरताना घेतली होती त्याच्या उलट दिशेने, उंची न बदलता आयताकृती फेरी. शेवटी साधारण २०० फुटांवर, वाऱ्याच्या विरुद्ध जाताना, उड्डाणाच्या जागेवर थ्रॉटल पूर्ण मागे घ्यायचा आणि इंजिन बंद पडले आहे असे समजून विमान सुखरूप खाली आणायचे. याला क्लबात डेडस्टिक म्हणतात. विमान धावपट्टीवरून उचलून आणणे आणि उड्डाणानंतरची तपासणी हाही चाचणीचाच भाग. त्यानंतर सुरक्षा नियमांवर आणि स्थानिक नियमांवर किमान ५ तोंडी प्रश्न.

हवाई कसरत यात एकही नाही, आणि म्हणूनच ही चाचणी फसवी आहे. लूप, म्हणजे हवेत उभे वर्तुळ, मारताना विमान दहा मीटर इकडे-तिकडे झाले तर कुणाच्या लक्षात येत नाही. आठचा आकडा वाऱ्याने सरकला की लांबवर उभ्या असलेल्यालाही कळते.

विमानाबद्दल नियम काय सांगतो

नियम थोडेच आहेत. इंधन वगळून विमानाचे वजन किमान १ किलो हवे. इलेक्ट्रिक विमान बॅटरीसकट मोजायचे. त्याहून हलके फोमचे विमान कितीही सुरेख उडत असले तरी ‘ए’ साठी उपयोगाचे नाही. स्वयंचलित स्थैर्य देणारी इलेक्ट्रॉनिक साधने, म्हणजे ऑटोपायलट आणि पंख आपोआप समतल करणाऱ्या प्रणाली, चाचणीत बंद ठेवाव्या लागतात. विमानाच्या रचनेतूनच येणारे स्थैर्य, उदाहरणार्थ पंखांचा वर कललेला कोन, हे अर्थातच चालते.

आजकाल बरेच जण ई-फ्लाइटच्या ॲप्रेंटिससारख्या १.५ मीटर पंखांच्या, सेफ नावाची तोल सांभाळणारी प्रणाली असलेल्या विमानावर शिकतात. शिकायला ते उत्तमच आहे. पण शिकताना कधी ती प्रणाली बंद केलीच नसेल तर तुम्ही एक विमान शिकलात आणि चाचणी दुसऱ्याच विमानावर देताय, असे होईल. चाचणीच्या बऱ्याच आधीपासून ती बंद ठेवून उडवा. नुसता ट्रान्समीटरवरचा, म्हणजे हातातल्या रेडिओवरचा, बटनाचा मोड बदलून भागते की मागे काही मदत चालूच राहते, हेही विमानातल्या रिसीव्हरच्या पुस्तिकेत पाहून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचा नियम मात्र निराळाच आहे. विमानाकडे बघून चाचणी बदलत नाही. ‘माझे जेट आहे, ते एवढ्या हळू उतरत नाही’ किंवा ‘हे जुन्या लढाऊ विमानाचे मॉडेल आहे, त्याला मोठे वळण लागते’ असे सांगून सवलत मिळत नाही. जमत नसेल तर दुसरे विमान आणा, एवढेच उत्तर. त्यामुळे माझ्या मते निवडीची कसोटी एकच : जे विमान हातात असताना तुमच्याकडे कुठलीच सबब उरत नाही ते विमान. दिखाऊपणाला गुण नाहीत.

‘ए’ साठी कोणते घ्यावे

शोध डेडस्टिकपासून सुरू करा, कारण बहुतेकांची दांडी तिथेच उडते. २०० फुटांवर थ्रॉटल मागे घेतला की पुढे काय होते हे विमानागणिक फार वेगळे असते. मोठ्या पंखांचे हलके ट्रेनर विमान तरंगतच राहते. वारा नसलेल्या दिवशी ते धावपट्टी ओलांडून कुंपणापर्यंत जाते आणि उमेदवार घाबरून वळण फार उशिरा घेतो. लहान पंखांचे जड विमान याच्या उलट वागते. वाऱ्याच्या दिशेने जाताना अर्धी उंची संपते, शेवटच्या वळणात वेग राखायला नाक खाली ठेवावे लागते आणि तेवढ्यात गवत येते. दोन्ही विमानांवर चाचणी होऊ शकते, पण आपले विमान इंजिनाविना किती दूर जाते हे बोटांना ठाऊक हवे.

इलेक्ट्रिक विमानात आणखी एक खाच आहे. स्पीड कंट्रोलरचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या साधनाचा) ब्रेक बंद असेल तर थ्रॉटल मागे घेतल्यावर नाकावरचा पंखा (प्रोपेलर) वाऱ्याने फिरत राहतो आणि विमानाला मागे ओढतो. ब्रेक चालू असेल तर पंखा थांबतो, ओढ कमी होते आणि विमान जास्त लांब सरकते. कुठलेही चालेल. सराव एकाने आणि चाचणी दुसऱ्याने, असे करू नका. पेट्रोल किंवा ग्लो इंजिनाच्या विमानात काळजी वेगळी : मंद गतीवर इंजिन सलग चालते का? उतरणीच्या लांब फेरीत मंद चालणारे इंजिन विझले तर खरी डेडस्टिक हातात येते, तीही नको तिथे.

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. परीक्षक ठरलेल्या दिवशी येतो, वारा नाही. सपाट तळाच्या पंखाचे विमान वाऱ्यात थ्रॉटल वाढवताच वर उसळते आणि उंची स्थिर ठेवणे अवघड जाते. अर्धसममित छेदाचा (वरून जास्त, खालून थोडा फुगीर) पंख वारा कापत जातो आणि उंचीही धरून ठेवतो. म्हणून ज्यांना ट्रेनर आता कंटाळवाणे वाटू लागले आहे त्यांनी खांद्यावर पंख असलेल्या स्पोर्ट विमानाकडे वळावे. ख्रिस फॉस यांचे वॉट ४ हे ब्रिटिश क्लबांतले या जातीचे ठरलेले नाव. ते फोममध्येही मिळते. हळू उडते, वाऱ्यात टिकते, आणि पुढे ‘बी’ लाही कामाला येते. सीगलच्या बूमरँगसारख्या उंच पंखांच्या ट्रेनरवरही ‘ए’ आरामात होते, मात्र शांत दिवस निवडण्याची मोकळीक असेल तर.

एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) नसलेल्या, फक्त रडरवर (शेपटीच्या उभ्या हलत्या पात्यावर) वळणाऱ्या विमानाचा मोह टाळा. आडव्या वाऱ्यात उतरताना हातात एखादे नियंत्रण जास्तीचे असलेले बरे. चाकांबाबत एक-दोन शब्द. गवत आखूड असेल तर नाकाखाली चाक असलेले विमान सरळ धावते. गवत वाढलेले असेल तर तेच चाक अडकते किंवा वाकते, तिथे शेपटीला चाक असलेले विमान बरे. पण ते उड्डाण घेताना डावीकडे ओढते आणि रडर द्यावा लागतो. ज्या मैदानावर चाचणी आहे तिथले गवत बघून ठरवा.

‘बी’ ची मागणी वेगळी

‘बी’ मध्ये कसरती येतात. आठचा आकडा, आतला लूप, वरून खाली सुरू होणारा बाहेरचा लूप (विमानाची पाठ वर्तुळाच्या बाहेर), वाऱ्याच्या विरुद्ध सलग दोन रोल (स्वतःभोवती आडव्या गिरक्या), वाऱ्यासोबत त्याच्या उलट दिशेने फिरणारे सलग दोन रोल, स्टॉल टर्न (सरळ वर चढून, वेग संपताना रडरने वळून खाली येणे), तीन फेऱ्यांची स्पिन. मग आयताकृती फेरी घेऊन १० फुटांच्या खाली आल्यावर उतरण सोडून पुन्हा वर जाणे, आणि शेवटी उलट दिशेची फेरी घेऊन ३० मीटरच्या आखलेल्या पट्ट्यात चाके टेकवणे. तोंडी प्रश्न किमान ८.

इथे ट्रेनर गळतो. बाहेरच्या लूपमध्ये पंखाला उलटे काम करावे लागते आणि सपाट तळाचा पंख त्यात अर्ध्या वाटेवर दमतो. रोलमध्ये तो पिंपासारखा गोल फिरतो, रेषेत राहत नाही. पण खरी अडचण स्पिनची. स्पिनमध्ये पंख स्टॉल झालेला, म्हणजे उचल गमावलेला, असतो, विमान जवळजवळ एकाच वेगाने गिरक्या घेत खाली येते. स्पायरल डाइव्हमध्ये पंख उडतच असतो आणि वेग प्रत्येक गिरकीला वाढत जातो. लांबून दोन्ही सारखेच वाटतात, परीक्षकाला मात्र पहिल्याच गिरकीत फरक दिसतो. स्थैर्यासाठीच बनवलेले, गुरुत्वमध्य फार पुढे असलेले आणि एलिव्हेटर (शेपटीचे आडवे हलते पाते) कमी हलणारे विमान स्पिनमध्ये जातच नाही, स्पायरलमध्ये घसरते. एलिव्हेटर आणि रडरची हालचाल वाढवून, ट्रान्समीटरच्या दुसऱ्या रेटवर (हालचालीच्या दुसऱ्या मापावर) टाकून, आणि गुरुत्वमध्य आराखड्याच्या मर्यादेत जरा मागे नेऊन पुष्कळ विमाने सुधारतात. काही नाहीच सुधारत. ती सोडून द्यावीत. उलट टोक म्हणजे स्पिनमध्ये उत्साहाने शिरणारे पण बाहेर यायला वेळ लावणारे विमान. त्याची ओळख चाचणीच्या दिवशी व्हायला नको, भरपूर उंचीवर आधीच करून घ्या.

स्टॉल टर्नसाठी रडर मोठा आणि परिणामकारक हवा. बाहेरच्या लूपमध्ये इंजिन उलटे चालते, म्हणून टाकीतली वजन लावलेली नळी मोकळी हलते का बघा. ती अडकली की इंजिन नेमके लूपच्या तळाशी थांबते. वॉट ४ सांभाळून लावलेले असेल तर हे सगळे करते. पंख खाली असलेले ॲक्रो वॉट रोल अधिक स्वच्छ काढते. त्रिमितीय कसरतींची फार हलकी, अवाढव्य रडरची विमाने मी सुचवणार नाही. कसरती ती सहज करतात, पण ३० मीटरच्या पट्ट्यात वाऱ्यात टेकताना ती पालापाचोळ्यासारखी उडतात.

चाचणीच्या दिवशी

परीक्षक बीएमएफएच्या नोंदीतलाच हवा. क्लबचा सचिव गाठ घालून देतो. विमान पूर्णपणे तुम्हीच उडवायचे, बडी लीड (शिक्षकाच्या ट्रान्समीटरला जोडणारी तार) लावून नाही.

तपासणी मोठ्याने बोलत करा. ट्रान्समीटर आधी चालू, रिसीव्हर नंतर. बंद करताना उलट क्रम. फेलसेफ लावलेले हवे, सिग्नल गेला तर किमान इंजिन मंद गतीवर यावे आणि इलेक्ट्रिक मोटर थांबावी. नवीन रिसीव्हर जोडल्यावर हे पुन्हा लावायचे राहते, म्हणून विमान घट्ट धरून ट्रान्समीटर बंद करून बघा. उड्डाणाआधी क्लबात ‘स्वीट्स’ म्हणून जी उजळणी करतात ती परीक्षकाला अपेक्षित असते : सूर्य कुठे आहे, वारा कसा आहे, काय काय घडू शकते, आणीबाणीत काय कराल, ट्रान्समीटर, आणि मैदानाचे नियम.

एका दिवसात जास्तीत जास्त दोन प्रयत्न मिळतात. पहिला फसला तर लगेच दुसऱ्यासाठी धावू नका. बॅटरी बदला, चहा घ्या, वारा फिरला का बघा. दुसऱ्या प्रयत्नासाठी विमान बदलण्याची उबळ येते, पण ज्या विमानाचे ट्रिम तुम्हाला तोंडपाठ आहे तेच ठेवा. प्रश्नोत्तरात अडखळून नापास होणारेही असतात, तेव्हा सभासद पुस्तिकेतले सुरक्षा नियम आणि उंचीची ४०० फुटांची कायदेशीर मर्यादा यांची उजळणी आदल्या रात्रीच झालेली असावी. उत्तीर्ण झालात की निकालाची नोंद परीक्षक बीएमएफएकडे पाठवतो आणि प्रमाणपत्र संस्थेकडून येते.