‘हिल’ आणि ‘माउंटन’ यांच्यामधली हजार फुटांची रेघ

हजार फुटांपर्यंत ‘हिल’ आणि त्यापुढे ‘माउंटन’, असा जगभर मान्य नियम असल्याचा संदेश गोव्यातील पालकांच्या गटांमध्येही वर्षानुवर्षे फिरत आला आहे. हा समज अगदीच हवेतून आलेला नाही, कारण ब्रिटनमध्ये असे आकडे खरोखर वापरले गेले. मात्र तेथेही कोणी १,००० तर कोणी २,००० फूट धरले, आणि सर्व देशांना बांधील अशी व्याख्या कधीच ठरली नाही.

पडताळा नकाशावरच मिळतो. इंग्रजीत ‘हिल्स’ म्हटल्या जाणाऱ्या निलगिरीतील दोड्डाबेट्टा शिखर २,६३७ मीटर, म्हणजे साडेआठ हजार फुटांहून उंच आहे. शिवाय उंची समुद्रसपाटीपासून मोजायची की पायथ्यापासून, हे त्या संदेशात सांगितलेलेच नसते, आणि माझ्या मते त्याची खरी उणीव तीच आहे; उंच पठारावरचा लहानसा उंचवटासुद्धा पहिल्या मापाने सहज ‘माउंटन’ ठरेल.

‘हिल’ लहान व सौम्य उताराची, ‘माउंटन’ मोठा व चढणीचा, एवढाच सर्वसाधारण भेद शब्दकोश देतात. बाकीचे स्थानिक वहिवाट ठरवते. गोव्यातील पारोडा गावच्या चंद्रनाथ डोंगराला आपण ‘पर्वत’ म्हणतो, तो चारशे मीटरही उंच नाही.