मायफळ हे फळ नव्हे

भाचीला मुलगी झाली आणि बाळगुटीचं सामान आणायचं काम माझ्याकडे आलं. वडोदऱ्यात ते मांडवीजवळच्या गांध्याकडे मिळतं. गांधी म्हणजे इथे काष्ठौषधी विकणारा. आडनाव त्यावरून पडलं. दुकान आजीच्या वेळेपासूनचं. पुढे हिरड्या-बेहड्याची पोती, मागे बरण्या, वर खिळ्याला काळे दोरे, ताईत आणि बिबे. औषध कुठे संपतं आणि तोडगा कुठे सुरू होतो, हे या दुकानात मला कधीच उमगलं नाही.

"बेन, मायफळाचे दोनच वळसे हां, नाहीतर पोट बांधेल," पुडी बांधता बांधता दुकानदार म्हणाला.

त्याचं खरं आहे, फक्त मायफळ हे फळ नाही. तुर्कस्तान, सीरिया, इराण या बाजूला वाढणाऱ्या एका ओकच्या झाडावर गांधीलमाशीच्या गोतातला इवलासा कीटक अंडं घालतो. अळीमुळे झाडाच्या पेशी भलत्याच वाढू लागतात आणि तिच्याभोवती टणक गोळा तयार होतो. अळीला घरही फुकट, जेवणही फुकट. घरी येऊन पुडी उलटी केली, तर एका मायफळाला टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक होतं. त्यातला किडा मोठा होऊन केव्हाच उडून गेला होता. बिनभोकाची मायफळं जड आणि काळपट असतात, त्यांत टॅनिन हे तुरट द्रव्यही जास्त, म्हणून भाव त्यांनाच.

टॅनिन प्रथिनांना चिकटतं. लाळेतल्या प्रथिनांना चिकटलं की जीभ आखडते. त्यालाच आपण तुरट म्हणतो. आतड्याच्या अस्तरावर तेच घडलं की पोट आवळतं, आणि प्रमाण चुकलं की बांधतं. लोखंडाशी गाठ पडली, तर रंग काळा. सहाणेवर थोडं मायफळ उगाळून त्या पाण्यात मी एक गंजका खिळा टाकून ठेवला. थोड्या वेळाने त्याच्याभोवती निळसर काळं वर्तुळ धरलं होतं. मायफळ आणि हिराकस (लोखंडाचा हिरवट क्षार) यांच्या शाईने युरोपात कित्येक शतकं दस्तऐवज लिहिले गेले.

पुडीतल्या काकडशिंगीची तीच कथा. हिमालयाच्या पायथ्याशी पिस्त्याच्या गणातलं एक झाड आहे, त्याच्या पानांवर मावा हा कीटक ही पोकळ शिंगं उठवतो. एक मोडून पाहा, आतून भुकटी सांडते. त्यात मेलेला मावाही असतो.

वेखंड मात्र खरोखरच मूळ, निदान जमिनीतलं खोड. पण आपल्याकडच्या वेखंडाच्या एका प्रकारात गुणसूत्रांचे चार संच असतात आणि त्याच्या तेलात बीटा-असॅरोन नावाचं रसायन भरपूर. उंदरांना हे तेल खाऊ घातल्यावर आतड्यात गाठी आढळल्या, म्हणून अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी केली. अमेरिकेतल्या दोन संचांच्या जातीत हे रसायन जवळपास नसतंच. दिसायला झाड तेच!

आता हाताजोडी. लहानपणी याच दुकानात काचेच्या कपाटात शेंदरात बुडवलेली, लवंगांसोबत ठेवलेली ती वस्तू मी पाहिली आहे: नमस्कारासाठी जोडलेले दोन छोटे हात. दुर्मीळ झाडाची मुळी, घरात ठेवली की लक्ष्मी हलत नाही, असं सांगत. प्रयोगशाळेत डीएनए तपासल्यावर ती घोरपडीची निघाली. सरड्या-सापांच्या नरांचं जननेंद्रिय दुहेरी असतं. तेच कापून वाळवलं की हात जोडल्यासारखं दिसतं. तानाजीच्या घोरपडीची गोष्ट सांगत वाढलेली आपली घरं, आणि तिजोरीत हे! घोरपड १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं. बाजारात साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या हाताजोड्याही फिरतात. घोरपडीच्या दृष्टीने तीच फसवणूक बरी.

दुकानदाराला हाताजोडीबद्दल विचारलं, तर त्याने नुसती मान हलवली. "ते बंद केलं, बेन. वडिलांच्या वेळचं."

बाळासाठी गुटी काही उगाळली गेली नाही. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, असं बाळाच्या डॉक्टरांनी बजावलं. मग मायफळं मी मागून घेतली, कुटून भिजत घातली. हिराकस आणि डिंक आणायला परत गांध्याकडेच गेले. बारशाची पाहुण्यांची यादी त्या शाईने लिहिली. आधी फिकट उमटली, दुसऱ्या दिवशी काळीकुट्ट.